ठकूबाईंचे जन्मगाव

९ फेब्रुवारी १९५१ रोजी स्वतंत्र भारताच्या पहिल्या जनगणनेची घरोघरची गणना सुरू झाली. महाळुंगे पडवळमध्ये हे काम केलेल्या एका शिक्षकाने आपल्यापुरती कच्ची नक्कल ठेवली होती. घराचा माळा साफ करताना ती त्याच्या नातवाला मिळाली आणि त्याने ती घोडेगावच्या राजरत्न यांना आणून दिली. ही नक्कल सरकारी नव्हे, तिच्या एकटीच्या आधारावर काहीही सिद्ध होत नाही, हे राजरत्न यांनी मला पहिल्याच भेटीत बजावले.

राजरत्न यांचा धंदा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचे वाइंडिंग करण्याचा. मोडी लिपी ते जुन्नरच्या एका रविवारच्या वर्गात शिकले. तेव्हापासून आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतली माणसे वाडवडिलांचे जन्मगाव वाचून घेण्यासाठी त्यांच्या दुकानात येतात. त्यांची एक शिस्त आहे. अस्पष्ट शब्द दाखवण्याआधी घरच्यांनी गावाचे नाव सांगायचे नाही. दोघांनी, म्हणजे त्यांनी आणि दुसरा वाचक म्हणून मी, स्वतंत्रपणे वाचायचे, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहायचे आणि मगच चिठ्ठ्या उघडायच्या. नाव आधी कानावर पडले की डोळे तेच वाचतात, असे ते म्हणतात.

“राजाभाऊ, माझा ऊस वाळून चाललाय आन् तुमी मेलेली माणसं वाचत बसलाय!” एका दुपारी गेणभाऊ दारातून ओरडले.

“मेलेली माणसं घाई करत न्हाईत, गेणभाऊ. म्हणून त्यांना दुपार देतो. तुमची मोटार सकाळीच झाली. पायाशी बघा, ठेचकाळाल.”

गेल्या उन्हाळ्यात मात्र काम त्यांच्याच घरातले निघाले. ठकूबाई ही त्यांची आजी. १९५६ नंतर महाळुंग्याच्या वस्तीतली पहिली बुद्धवंदना तिच्या अंगणात झाली आणि पुढे ते अंगण तिने विहारासाठी देऊन टाकले. बुद्धपौर्णिमेला विहारासमोर तिच्या नावाचा दगड बसवायचा, असे भावकीने ठरवले. पाथरवटाला मजकूरही गेला: जन्म, पिंपळवंडी. ठकूबाईंची लेक जानकाबाई, म्हणजे राजरत्न यांच्या आत्या, आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी काम थांबवले.

“आईचं गाव कुणी बघितलंय का? जल्मात खोटं बोलली न्हाई माझी आई. तिच्या दगडावर अंदाज नको.”

“आत्या, पिंपळवंडीच्या चिमाजीची लेक पिंपळवंडीची नसंल तर काय लंडनची?” राजरत्न यांचे चुलतभाऊ सावळेराम म्हणाले. दगडाची सारी व्यवस्था त्यांच्याकडे होती.

नक्कल उघडली. ठकूबाईंच्या नावापुढे वय पंचवीस होते. जन्मस्थळाच्या रकान्यावर मात्र पाणी पडून शाई पसरली होती आणि शेवटचे ‘डी’ एवढेच अक्षर उभे होते. सावळेरामांना तेवढे पुरेसे वाटले. नाव आधीच कानावर पडले होते, म्हणून राजरत्न यांनी डोळ्यांवर विसंबण्याऐवजी त्याच हाताने लिहिलेले ‘पिंपळवंडी’ दुसऱ्या पानावर शोधले आणि त्याची लांबी डागाशी ताडून पाहिली. डागात तो शब्द मावत नव्हता. माझ्या चिठ्ठीवर मी ‘वाचता येत नाही’ असे लिहिले होते. त्यांच्याही चिठ्ठीवर तेच होते.

मग त्यांनी आत्यांना एकच प्रश्न विचारला. “आजी थोरली का धाकटी?”

“थोरली. सगळी भावंडं तिच्या पाठची.”

“म्हंजे आपण बापाचं गाव धरून बसलो. पहिलं बाळंतपण माहेरी. चिमाजीची बायको कुठली, ते सांगा.”

आत्यांनी बोटांवर नाती मोजली. “आईचे मामा नारोडीचे. माझ्या लग्नात लई नाचले व्हते. घर कोणचं, ते नाय ठावं.”

नारोडीच्या नावातही शेवटी ‘डी’ आहे आणि ते डागात मावतेही. तरीही मी हरकत घेतली. ऐंशी वर्षांची स्मृती आणि एक अक्षर यांवर दगड कोरता येत नाही. राजरत्न यांनी वाद घातला नाही. त्यांनी दोन्ही गावांच्या जुन्या जन्मनोंदी पाहण्यासाठी अर्ज केला आणि दुकान बंद ठेवून माझ्यासोबत बसले. पिंपळवंडीच्या नोंदींत त्या वर्षांत चिमाजीच्या घरी मुलगी जन्मल्याचे कुठेच नव्हते. नारोडीच्या १९२५ च्या पानावर मोडीत लिहिले होते: चिमाजी, राहणार पिंपळवंडी, याचे बायकोस मुलगी झाली. आम्ही चिठ्ठ्या लिहिल्या आणि उघडल्या. दोन्ही सारख्या होत्या. एवढ्यावरही न थांबता राजरत्न पिंपळवंडीला गेले आणि त्या पिढीत वस्तीत चिमाजी नावाचा दुसरा कोणी नव्हता, याची जुन्या माणसांकडून खात्री करून आले.

“नारोडी तर नारोडी,” सावळेराम म्हणाले. “पण आता परत बदलू नका राव. पाथरवट माझ्याच नावानं शिव्या देतो.”

बुद्धपौर्णिमेला नारोडीच्या वस्तीतली माणसे फुले घेऊन महाळुंग्याला आली. आत्या पांढऱ्या साडीत दगडाशेजारी ताठ उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या ‘जयभीम’ घालत आणि सांगत, “ही तुमच्या गावची लेक. ज्यानं शोधून काढलं, तो माझा भाचा.” राजरत्न कौतुक ऐकून सहसा दुसऱ्या कामाला लागतात. त्या दिवशी ते जागचे हलले नाहीत.

काही गोष्टी अद्याप अज्ञात आहेत. जन्मनोंदीत मुलीचे नाव नाही. ती मुलगी ठकूबाईच, हा निष्कर्ष गाव, वर्ष आणि बाप यांच्या मेळावर उभा आहे. आम्ही तो भक्कम मानतो, निर्विवाद म्हणत नाही. तिच्या आईचा उल्लेख ‘चिमाजीची बायको’ एवढाच आहे. तिचे नाव काय होते आणि नारोडीतले तिचे माहेर कोणत्या घरातले, हे आम्हाला माहीत नाही.