मण्याची खूण

आमच्या समोरच्या दारातल्या अनसूयाताई चुरींनी मला जेवढे सल्ले दिलेत, तेवढे माझ्या सासूनेही दिले नाहीत. आणि माझी सासू नंदाखाल गावची, उठता-बसता शिकवणारी, म्हणजे बघा! बोंबलाचं भांडं आधी चहाच्या चोथ्याने घास, मग साबण लाव. सिंकमध्ये आठवड्याला खायचा सोडा टाक आणि वर कढत पाणी ओत. ओट्यावर तेल सांडलं की लगेच फडकं घेऊन धावू नको, पीठ भुरभुरव, ते तेल पिऊन घेतं. बोळिंजच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आले तेव्हापासून मी हे ऐकतेय. एकदा वैतागून म्हटलंसुद्धा, "ताई, मी काय काल लग्न करून आले का हो?" त्या हसल्या आणि माझ्या गॅसच्या बर्नरची भोकं टाचणीने साफ करायला बसल्या.

पण त्यांच्या घरातली ही नीटनेटकी मांडणी काही हौसेची नव्हती. त्यांचे मिस्टर, विद्याधरभाऊ, यांचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेलेले. मग ताईंनी सगळं घर त्यांच्या बोटांना कळेल असं लावलं. साखरेच्या डब्याला एक रबरबँड, मिठाच्या डब्याला दोन. गरम पाण्याच्या थर्मासला जाड सुती पट्टी, गार पाण्याची बाटली गुळगुळीत. वस्तू जिथली तिथे. कोणी डबा एक वीत सरकवला तरी ताई अंगावर यायच्या, "हलवू नकोस गं, यांचा रस्ता चुकतो." भाऊ स्वतः उठायचे, स्वतः चहा करायचे, स्वतः गोळी घ्यायचे. केळीच्या वाडीत वाढलेला माणूस, नुसतं केळं हातात घेऊन सांगायचा किती दिवसांत पिकेल. त्याला बोटांनी घर चालवायला काय लागतं!

ताईंची दुसरी भानगड म्हणजे हस्तकला. तोरणं, कागदी कंदील, मण्यांच्या वाती, काय काय करायच्या. घर लहान, म्हणून ते सामान स्वयंपाकघरातच. आइस्क्रीमच्या डब्यात रिबिनी, कपड्यांच्या चिमट्यांना गुंडाळलेला दोरा, आणि बारीकसारीक गोष्टींसाठी गोळ्यांची डबी. ती असते ना, सात झाकणांची, रविवारपासून शनिवारपर्यंत. भाऊंसाठी एक आणली होती, ती इतकी सोयीची वाटली की हुबेहूब तसलीच दुसरी आणली. एका घरात आकड्या, एकात टिकल्या, एकात मणी. भाऊंच्या डबीला ओळख म्हणून वर एक टपोरा मणी चिकटवलेला. त्याला हात लागला की भाऊंना कळायचं, ही आपली.

मी तेव्हाच ताईंना टोकायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. तेव्हा आम्ही सगळ्या म्हणत होतो, "काय डोकं आहे ताईंचं!"

नाताळ तोंडावर आला होता. आमच्या बाळ येशूच्या देखाव्याला, म्हणजे गोठ्यावर, लावायला मला उजेडाचा तारा हवा होता, आणि ताईंनी मला व वरच्या मजल्यावरच्या संजनाला गुरुवारी सकाळी शिकायला बोलावलं होतं. त्यातले बारके दिवे बटन सेलवर चालतात, घड्याळात असतात ना, तसले चपटे चकचकीत सेल. पाहुण्या येणार म्हणून ताईंनी आदल्या दिवशी स्वयंपाकघर धुऊन काढलं. ड्रॉवर रिकामे केले, दोन्ही डब्या साबणाच्या पाण्यात घातल्या, पालथ्या घालून वाळवल्या. भाऊंच्या डबीवरचा मणी त्या पाण्यात निघाला. काही नाही, ताईंनी सामान पुन्हा भरलं आणि मणी फेव्हिकॉलने परत चिकटवला.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा भाऊ खुर्चीत बसले होते, हात छातीवर. "गोळी अडकल्यासारखी वाटतेय," म्हणाले.

"घाईघाईत गिळता," ताई म्हणाल्या. "केळं खा, खाली जाईल." त्यांनीच सोलून दिलं. भाऊंनी दोन घास खाल्ले आणि बाकीचं बशीत ठेवलं. तोंडाला कसलीशी गंजलेली चव येतेय म्हणाले. ताई म्हणाल्या, "केळ्याला कुठली गंजाची चव!" आणि आम्ही चटईवर बसलो.

कागद कापून झाला, तारा दुमडून झाला. ताईंनी ड्रॉवरमधून आपली डबी काढली आणि गुरुवारचं झाकण उघडलं. एक सेल त्यांनी तिथे माझ्यासाठी राखून ठेवला होता.

आत पांढरी गोळी होती.

मला हसू आलं. माझी मेलीची जीभ! मी म्हटलं, "ताई, माझा तारा आता बीपीच्या गोळीवर पेटवणार की काय?" संजनाही हसली.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी शुक्रवारचं झाकण उघडलं. गोळी. शनिवारचं. गोळी. मग त्या उठल्याही नाहीत. तशाच ओट्यापर्यंत सरकल्या आणि मणी लावलेली डबी खाली ओढली. तिच्यात रविवारी आकड्या, सोमवारी टिकल्या. गुरुवारचं घर रिकामं. मणी भलत्याच डबीवर बसला होता.

"ज्युली," त्या म्हणाल्या. एवढंच. पण असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

भाऊ खुर्चीतून विचारत होते, "काय गं, काय पडलं?"

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. संजनाने खाली पळत जाऊन रिक्षा थांबवली, हे आठवतं. ताईंनी भाऊंना पाणी द्यायला पेला उचलला आणि मी तो हातातून हिसकावला, कारण पाणी द्यायचं की नाही तेच कळेना. भाऊंना आम्ही खरं सांगितलं नाही. "जरा दाखवून येऊ," म्हटलं. रिक्षात ते मध्ये, आम्ही दोघी बाजूंना. रस्ता खणून ठेवलेला. प्रत्येक खड्ड्याला ताई डोळे मिटून घ्यायच्या. मी मनातल्या मनात नमो मरियेची प्रार्थना म्हणत होते, आणि अर्ध्यावर विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

"अगं, तुझा हात असा गार का?" भाऊंनी विचारलं.

"डिसेंबर आहे," ताई म्हणाल्या. बोळिंजला डिसेंबरात कसली आलीय थंडी!

पहिल्या दवाखान्यात फोटो काढला. तिथली डॉक्टर तरुण पोरगी, हिना नाव. तिने फोटो दिव्यावर धरला आणि मला काहीच सांगायची गरज पडली नाही. छातीच्या बरोब्बर मध्ये, हाडांच्या पिंजऱ्यात, एक पांढरी गोल चकती. स्वच्छ कापल्यासारखी.

"सेलच आहे," ती म्हणाली. "अन्ननलिकेत अडकलाय. ओलाव्यात तो करंट सोडतो, आतून भाजत जातं. आमच्याकडे तो काढायची दुर्बीण नाही. माणिकपूरला मोठ्या हॉस्पिटलात पाठवते, फोन करते, पण आता अजिबात थांबू नका. आणि तोंडाने काही देऊ नका."

"मी केळं दिलं," ताई म्हणाल्या. "मी म्हटलं, खाली जाईल."

"असू दे, आता नको," हिना म्हणाली. पण ताईंचं तेच चालू. ॲम्ब्युलन्समध्ये, वाटेत, उतरल्यावरसुद्धा. मी केळं दिलं. त्यांना चव लागत होती, मी हसण्यावारी नेलं. अहो, गप्प बसा ताई, असं मी ओरडले त्यांच्यावर. लाज वाटते सांगताना, पण ओरडले. माझी स्वतःचीच पाचावर धारण बसली होती आणि त्यांचं ऐकून मला वाटत होतं, मी आता किंचाळत रस्त्यावर पळत सुटेन.

त्यांचा मुलगा सुजय माणिकपूरलाच नोकरीला, तो दारातच उभा होता. भाऊंना खुर्चीवर बसवून आत नेईपर्यंत त्याने आईला तीनदा विचारलं, "पण झालं कसं?" ताईंच्या तोंडी केळंच. शेवटी मी सांगितलं, डब्या, साबण, मणी, सगळं. भाऊही ऐकत होते. लपवायला वेळच राहिला नव्हता.

दुर्बिणीच्या खोलीबाहेर मोठे डॉक्टर आले, कागदावर सही घेतली. फाटण्याचा धोका असतो, म्हणाले. वय आहे, म्हणाले. मग भाऊंकडे वाकून जरा मोठ्याने बोलले, जसं काही ऐकूही येत नाही. "काका, गोळी आणि सेल यात फरक कळला नाही तुम्हाला? हाताला लागलं नाही?"

"लागलं की," भाऊ म्हणाले. "गार होतं. जड होतं. जिभेवर ठेवलं तर चव निराळी."

"मग गिळलंत कशाला?"

भाऊंनी मान वळवली, ताई जिथे उभ्या नव्हत्या त्या बाजूला. "मणी होता ना वर. हिने लावलेला. म्हटलं, डॉक्टरांनी गोळी बदलली असेल, सांगायचं राहिलं असेल. हिच्या खुणेवर काय संशय घ्यायचा?"

आणि त्यांना आत नेलं.

बाहेर बाकावर आम्ही तिघं. सुजय फोन नुसता हातात धरून बसलेला. ताईंनी पदराचं टोक घेतलं आणि बाक पुसायला लागल्या. एक कोपरा, दुसरा कोपरा, मग भिंतीला लागून साचलेली धूळ. मी हात धरला. त्या सोडवून घेऊन पुन्हा पुसू लागल्या. "ज्युली," त्या हळूच म्हणाल्या, "बोटांना कळलं होतं गं त्यांच्या. बोटं खरं सांगत होती. मी खोटं सांगितलं."

मी बायबलातलं काहीतरी सांगायला गेले, ते आठवेना. देव तारी त्याला कोण मारी, असं माझी आई म्हणायची. मी तेवढंच म्हटलं, आणि मला स्वतःलाच ते पटलं नाही. दार उघडायचं, कोणी नर्स बाहेर यायची, आम्ही तिघं एकदम उभे राहायचो, ती दुसऱ्याच कोणाचं नाव घ्यायची.

शेवटी डॉक्टर आले ते हातात स्टीलची वाटी घेऊन. तळाला तो सेल, एका बाजूने काळा पडलेला. आत भाजलंय, म्हणाले, फाटलेलं नाही. अजून उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. सुजय तिथल्या तिथे रडायला लागला, एवढा मोठा घोडा. ताईंनी वाटीत डोकावून पाहिलं आणि पटकन तोंड फिरवलं. एवढासा तर होता.

भाऊ घरी आले, पण ताई त्या सकाळमधून बाहेर आल्याच नाहीत. दुसरी डबी त्यांनी कचऱ्यात टाकली, मग कचऱ्यातून काढून सुरीने तुकडे केले आणि पुन्हा टाकली. मणी, टिकल्या, रिबिनी, सगळं आइस्क्रीमच्या डब्यांसकट माझ्या घरी आणून ठेवलं. "तुझ्याकडे राहू दे. माझ्या स्वयंपाकघरात खायच्या वस्तूंखेरीज काही नको." फिनेलची बाटली संडासात, सोडा वेगळ्या कपाटात. मी नाताळच्या करंज्या द्यायला गेले तर त्या साखर चाखून बघत होत्या. रबरबँड होता डब्याला, तरी बघत होत्या.

बिल्डिंगमधल्या बायका अजून विचारतात, कढई कशी चकचकीत ठेवू, ताई? त्या म्हणतात, "मला काय कळतं?" मला हे ऐकवत नाही. मी, जिला त्यांच्या सल्ल्यांचा कंटाळा होता, तीच आता मुद्दाम सिंक तुंबवून त्यांना बोलावते. त्या येतात, सोडा टाकतात, आणि आधी पाकिटावरचं नाव मला मोठ्याने वाचायला लावतात.

भाऊंचा घसा बरा झाला. डॉक्टरांनी पातळ खाणं बंद करून गोळ्या पुन्हा सुरू करा म्हणून सांगितलं. त्या सकाळी ताईंनी माझं दार वाजवलं. केस विंचरलेले नाहीत, मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं.

"जरा ये ना."

मी गेले. भाऊ खुर्चीत बसले होते. ताईंनी मूठ उघडली. गोळी घामाने ओलसर झाली होती. शेजारी पाकीटही होतं, नुकतंच फोडलेलं.

"ज्युली, तू बघ. गोळीच आहे ना ही?"

मी चष्मा लावला. पाकिटावरचं नाव वाचलं, चिठ्ठीवरचं वाचलं, गोळी उलटी करून पाहिली. "गोळीच आहे, ताई."

"नीट बघ. उजेडात ने."

मी खिडकीशी नेली. मग मी ती परत त्यांच्या तळहातावर ठेवली आणि आम्ही दोघी वळलो.

"अहो, आधी हातात घेऊन बघा," ताई म्हणाल्या. "चाचपून बघा. माझ्यावर जाऊ नका."

पण भाऊंनी हात पुढे केलाच नाही. ताईंची पावलं जवळ आलेली ऐकून त्यांनी तोंड केव्हाच उघडलं होतं, आणि ते वाट बघत बसले होते.