काकांनी उजळवलेली गाणी

माझे काका बाटल्या भरायच्या कारखान्यात फिटर होते. काचेच्या रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून एकमेकींवर आपटत सरकायच्या. तो किणकिणाट एकदा ऐकला की दिवसभर डोक्यातून जात नसे. काकांनी तो नोकरीभर ऐकला. कानात घालायला कारखाना रबरी बोळे द्यायचा, पण काका ते खिशातच ठेवायचे. "बोळे घातले तर बेअरिंग कुरकुरतंय ते काय नाकाने ऐकू?" असं ते सुपरवायझरला विचारायचे. सुपरवायझर हसायचा आणि पुढे जायचा.

आमच्या घरात गाण्याचं वेड दोघांनाच, काका आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या. आत्या शाळेत गाण्याच्या बाई. पुस्तकातली गाणी मुलांना कंटाळवाणी वाटतात म्हणून ती स्वतःच रचायची. वाळत घातलेल्या सदऱ्याचं गाणं, टोक मोडलेल्या पेन्सिलीचं गाणं, रुसलेल्या चपलेचं गाणं. मुलं वर्षभर ती घसा फोडून म्हणायची आणि वरच्या वर्गात गेली की विसरायची. गाणी कुठे छापलेली नव्हती की कुठे ऐकायला मिळत नव्हती. आत्याला त्याचं वाईट वाटायचं, पण ती बोलायची नाही. काका मात्र बोलायचे. "मी एकदा सुटतो या बाटल्यांतून, मग बघ. तुझी सगळी गाणी मी रेकॉर्ड करतो."

आम्हाला वाटायचं, जेवणानंतरच्या गप्पा. पण निवृत्त झाल्यावर काकांनी खरंच मागची खोली रिकामी केली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या टेकवल्या, कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं, दाराच्या फटींना रबर लावलं. लॅपटॉप आला, माईक आला, दोन स्पीकर आले. संगणकाचा माऊस तोवर त्यांनी कधी हातात धरला नव्हता. पण पाना-पकडीची सवय असलेला माणूस, व्हिडिओ थांबवत, मागे नेत, पुन्हा बघत त्यांनी गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, यंत्र खोलून पाहिल्यासारखं, शिकून घेतलं.

"कारखान्यात कॉम्प्रेसर हवा दाबायचा, इथला आवाज दाबतो. काम तेच, फक्त तेल लागत नाही," ते मला फोनवर सांगायचे. मी तेव्हा दुसऱ्या गावी इलेक्ट्रॉनिक्सची नोकरी करत होते, आणि काकांचे फोन हा माझ्या रविवारचा ठरलेला भाग होता.

त्यांना सगळ्यात आवडायचं ते मास्टरिंग. गाणं गाऊन, वाजवून, जुळवून झालं की शेवटी त्यावर जो हात फिरवतात ते मास्टरिंग. जाड आवाज किती, बारीक आवाज किती, एकूण जोर किती, हे तिथे ठरतं. काकांकडे त्यासाठी तीन-चार प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायची छोटी अवजारं, होती. त्यातल्या एकात पडद्यावर एक रेघ दिसते. रेघेचा डावा भाग जाड आवाजांचा, उजवा बारीक आवाजांचा. माऊसने रेघ वर ओढली की तो आवाज वाढतो. काका उजवं टोक नेहमी वर ओढायचे. "थोडं उजळ करतो," म्हणायचे. "पुसलेल्या काचेसारखं झालं पाहिजे."

गल्लीत त्यांचं नाव 'मास्टर' पडलं. जवळपासचे हौशी लोक यायला लागले. एक कीबोर्डवाला आला, ऑर्केस्ट्रात गाणारा एक गायक आला, बँकेत काम करून गझला म्हणणारी एक बाई आली. सगळे "वा मास्टर, झकास!" म्हणून आपापलं गाणं घेऊन गेले. दुसऱ्यांदा कोणीच आलं नाही.

"काम झालं की तोंडं फिरवतात," काका चिडून म्हणायचे. "त्या कीबोर्डवाल्याला रस्त्यात हाक मारली तर फोन कानाला लावून पलीकडे गेला. चहा प्यायला बरा येत होता!"

याच सुमारास आत्याला कळलं की लहान मुलांसाठी बोलकी चित्रपुस्तकं काढणारी एक कंपनी नवीन गाणी शोधते आहे. पुस्तकाचं बटण दाबलं की गाणं वाजतं, तशी पुस्तकं. आत्याला शाळेत आता शेवटचंच वर्ष होतं. वर्षानुवर्षं चाळीस-चाळीस पोरांच्या वर आवाज चढवून तिचा गळा थकला होता. डॉक्टरांनी कमी बोला म्हणून सांगितलं होतं, आणि वरचे सूर तिचे हल्ली फाटायचे. गाणी मुलांपर्यंत तिच्याच आवाजात पोचायची असतील तर ती आत्ताच, हे तिला माहीत होतं आणि काकांनाही.

सुट्टीभर दोघं त्या खोलीत बसले. मी एक दिवस तिथे होते. पंखा बंद, खिडकी बंद, आत्याच्या कपाळावर घाम.

"दोरीवरती सुकतो सदरा, वारा त्याला शिकवी नखरा," आत्याने ओळ म्हटली.

"बाई, 'नखरा'ला जरा नखरा येऊ दे."

"दादा, तुला गाता येत नाही, निदान गप्प बसता तरी येतं का बघ."

"मी गप्पच होतो. माईकला विचार."

दोघं लहान मुलांसारखी भांडत होती आणि दोघांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

गाणी तयार झाली. काकांनी ती पुसलेल्या काचेसारखी केली आणि आत्याला ऐकवली. आत्या डोळे मिटून ऐकत होती. ऐकून झाल्यावर बराच वेळ तिने डोळे उघडले नाहीत. मग म्हणाली, "छान झालीत दादा." गाणी कंपनीकडे गेली. काही आठवड्यांनी काकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांनी या वर्षी बाहेरचं काहीच घेतलं नाही म्हणे." काका त्या कंपनीला दिवसभर शिव्या देत होते.

पुढचं मला काकूने आणि आत्याने सांगितलं.

एका सकाळी काकांना वाटलं, उजव्या स्पीकरमध्ये काहीतरी बिघाड आहे. त्यांनी तपासणीची एक फाइल लावली. तिच्यात एक शिट्टी जाड आवाजापासून सुरू होऊन हळूहळू बारीक होत वर चढत जाते. शिट्टी चढली, चढली आणि मध्येच बंद पडली. पडद्यावर आवाज दाखवणारे हिरवे पट्टे मात्र हलत होते. त्यांनी डावा स्पीकर लावला. तोही तिथेच बंद. "दोन्ही गेले!" म्हणत त्यांनी आवाज पूर्ण वाढवला, त्याच जागी शिट्टी अडवून ठेवली आणि वायरी बघायला टेबलाखाली शिरले.

"अहो, बंद करा ना ती शिट्टी!" स्वयंपाकघरातून काकू ओरडली. "कान फाटले माझे!"

"कोणती शिट्टी?" काकांनी टेबलाखालून विचारलं.

काकू ओल्या हातांनीच कान झाकून दारात आली. "ही! चेष्टा करताय का?"

काका बाहेर आले. त्यांनी काकूच्या तोंडाकडे पाहिलं, पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग खुर्चीवर बसून शिट्टी थोडी खाली, जाड आवाजाकडे आणली.

"आता येतोय आवाज?"

"येतोय की."

आणखी खाली. "आता?"

"अहो येतोय. काय चाललंय तुमचं?"

आणखी खाली, आणखी खाली. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "आता मलाही येतोय."

काकूने पदराला हात पुसले. काही तरी बोलायचं म्हणून बोलली, "वय झालं की व्हायचंच." काकांनी तिला एकच विचारलं. "मी केलेली गाणी तुला कशी वाटायची?"

"टोचायची जरा," काकू म्हणाली. "मला वाटायचं, हल्लीच्या गाण्यांची तशीच पद्धत असेल. मला मेलीला काय कळतंय त्यातलं?"

काका चपला घालून तसेच आत्याच्या घरी गेले. आत्या वह्या तपासत होती. काका उभ्या उभ्याच म्हणाले, "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. तुला माहीत होतं?"

आत्याने पेन खाली ठेवलं. "ऐकू येत नाही हे नव्हतं माहीत. गाणी बिघडलीत हे माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढा खूश होतास दादा. कारखान्यात होतास तोवर तुला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं मी."

"आणि ती कंपनी?"

आत्याने फोन काढून कंपनीचं उत्तर दाखवलं. शब्द आणि चाली फार आवडल्या होत्या. पण आवाज लहान मुलांच्या कानाला बोचेल असा आहे, 'स' आणि 'श' सुईसारखे लागतात, आणि पुन्हा ध्वनिमुद्रण करून घ्यायला आता वेळ नाही, असं त्यात लिहिलं होतं. काकांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. तिथूनच त्यांनी कंपनीला फोन लावला आणि पलीकडच्या मुलीला सांगितलं, "बाळ, चूक बाईंची नाही, माझी आहे. मूळ रेकॉर्डिंग स्वच्छ आहे." मुलगी नम्रपणे बोलली. पण दुसऱ्या कोणाची गाणी घेऊन पुस्तकं छापायलाही गेली होती.

आत्या मला नंतर म्हणाली, "मी त्याच दिवशी 'दादा, टोचतंय' एवढं बोलले असते तर? दोन शब्द होते गं. पोरांना दिवसभर बेसूर म्हणून रागावते मी, आणि सख्ख्या भावाला नाही सांगता आलं."

पुढच्या रविवारी मी गावी गेले तेव्हा काकांची कानाची तपासणी झालेली होती. जाड-बारीक आवाज किती ऐकू येतात याचा डॉक्टरांनी एक आलेख दिला होता. डावीकडून सरळ येणारी रेघ उजवीकडे दरीत कोसळावी तशी खाली जात होती. मी लॅपटॉप उघडला आणि काकांनी आत्याच्या गाण्यांना लावलेली रेघ पाहिली. ती जिथून चढत होती, जवळजवळ तिथूनच डॉक्टरांची रेघ उतरत होती. दोन्ही एकमेकांवर ठेवल्या असत्या तर दरी भरून निघाली असती. काकांनी गाणी बिघडवली नव्हती. त्यांच्या कानांतून जेवढं गेलं होतं तेवढंच त्यांनी, नकळत, अगदी मोजल्यासारखं परत घातलं होतं. माझ्यातल्या इंजिनिअरला ते इतकं अचूक वाटलं की मी ते काकांना उत्साहाने सांगून टाकलं.

"म्हणजे काम बरोबर केलं, माणसं चुकीची निवडली," काका म्हणाले. हसले नाहीत. मग म्हणाले, "त्या कीबोर्डवाल्याला मी चारचौघांत काय काय बोललो. तो बिचारा तोंड लपवत होता ते माझ्यासाठी."

मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवलेली होती. काकांनी मला खुर्चीत बसवलं. "तू कर. मी हात लावत नाही."

मी फारसं काही केलंच नाही. उजवं टोक खाली आणलं, 'स'चा फुत्कार थोडा आवरला, बाकी काकांनी केलेलं सगळं तसंच ठेवलं, कारण ते चांगलं होतं. संध्याकाळी आत्या आली. काकू दारात उभी राहिली. कोणतं कोणाचं ते न सांगता मी 'दोरीवरती सुकतो सदरा' दोन्ही तऱ्हांनी वाजवलं. आधी माझं, मग काकांचं. पहिलं सुरू झालं तेव्हा आत्याने पदर तोंडाला लावला. जणू गळा थकायच्या आधीची ती, मऊ आणि खट्याळ, खोलीतच बसल्यासारखी वाटत होती. दुसरं लागलं आणि काकूने नकळत डोळे बारीक केले.

काका दोन्ही वेळा मान खाली घालून ऐकत होते.

"दुसरं," ते म्हणाले. "दुसऱ्यात ती नीट दिसते."

आमच्या गप्प बसण्यावरूनच त्यांनी ओळखलं.

"माझंच निवडलं ना?"

"हो काका."

"बघ. सगळं कळूनसुद्धा मला माझंच बरं वाटतंय." त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. "पहिलं ठेव. शाळेला दे, पोरांना दे, कोणाला हवं त्याला दे. मला विचारू नकोस."

आत्या त्यांच्या शेजारी येऊन बसली. "पहिल्यात मी कशी ऐकू येते तुला?"

"गोधडीत तोंड घालून गातेस तशी."

"आणि आता? बोलतेय तेव्हा?"

उत्तराची वाट न बघता आत्याने माईक नाही, पेटी नाही, काही नाही, तशीच ती ओळ म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या अगदी तोंडासमोर. 'नखरा'वर तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. काका तिच्या ओठांकडे टक लावून बघत होते, आणि ओठ हलत होते तसे त्यांचेही थोडे हलत होते.

"कशी येते?" ओळ संपल्यावर तिने विचारलं. "आणि खरं सांग हं दादा. आता या घरात कोणी 'छान' म्हणायचं नाही."

काकांनी खरं सांगितलं.

"लांबून," ते म्हणाले. "इथेही लांबूनच येतेस गं."

आत्याने मान हलवली आणि पुढचं कडवं सुरू केलं.