कोनफळाचं डोकं

कात्रपच्या नाक्यावर एक मावशी रताळी आणि कोनफळं घेऊन बसते. दोन्ही उपासाला चालतात, म्हणून गिऱ्हाइकं दोन्ही एकच समजतात आणि ती भडकते.

"रताळ्याचा वेल तोडून लावला का झालं. कोनफळाचं तसं नाय, त्याचं डोकं ठेवाला लागतं."

म्हणून कोनफळ विकताना ती वरचा, कोंब फुटणारा भाग कोयत्यानं कापून घ्यायची आणि राखेच्या घमेल्यात खुपसायची, पावसाळ्यात लावायला. कुणी कुरकुरलं, तर माल परत ओढायची.

तिचं शेत शिरगावच्या एका टॉवरखाली गेलं. ती उल्हासनगरच्या बाजारातून माल आणू लागली, तरी घमेलं भरतच राहिलं. ही डोकी कुठे लावणार, हे विचारायचा मला कधी धीर झाला नाही.

परवा तिनं अख्खं कोनफळ तोलून माझ्या पिशवीत टाकलं.

"मावशी, डोकं कापायचं राहिलं."

"ऱ्हाऊ दे. भाजीत घाल तुझ्या."

मी घमेलं शोधलं. ते पालथं घालून ती त्याच्यावरच बसली होती.