एकोणीस रुपयांचे हार

पालिकेच्या सभांचं इतिवृत्त मी बारा वर्षं लिहिलं. त्यात ठराव यायचे, सूचक यायचे, अनुमोदक यायचे. ऐकण्यासारखं काही झालं की मुख्याधिकारी साहेब म्हणायचे, "हे घेऊ नका." ते सगळं माझ्याकडे साठलं! त्यातलं निम्मं तर नानांच्या हारांचंच आहे.

*

नाना म्हणजे गिरीज गावाचे नगरसेवक. घरची वाडी, केळी-नारळाच्या कडेने फुलझाडं. सव्वीस जानेवारीला पालिकेतल्या पुढाऱ्यांच्या फोटोंना घालायचे हार त्यांच्याकडूनच यायचे, फुकट. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, पहाटे उठून ते ओवायच्या.

एका वर्षी मोरेश्वर नावाचे नवे स्टोअरकीपर आले. त्यांचा नियम एकच, बिलाशिवाय वस्तू आत नाही. हार दारातच अडवले! झेंडावंदनाची वेळ होत आलेली. शेवटी मोरेश्वरांनी स्वतःच बिल लिहिलं, एकोणीस रुपये. वीसपासून पुढे साहेबांची सही लागायची, म्हणून एकोणीस. नानांनी घाईत सही ठोकली आणि पैसे न घेताच झेंड्याकडे पळाले.

*

ती सही सुशीलाताईंना सापडली. ताई नव्या बिल्डिंगांमधून निवडून आलेल्या, नियमाला पक्क्या. पालिकेच्या व्यवहारात नगरसेवकाचा पैशाचा संबंध आला तर पद जातं, असा कायदा. ताईंनी थेट तक्रार केली. एकोणीस रुपयांत नानांची खुर्ची जाते की काय, अशी वेळ आली.

सभेत कुणीतरी विचारलं, कितीपासून संबंध धरायचा? वकीलसाहेबांनी पुस्तक चाळलं नि म्हणाले, आकडा दिलेला नाही. मग एकाला आठवलं, समोरच्या चहातलं दूध एका सभापतींच्या मेहुण्याच्या गोठ्यातलं. सगळ्यांनी कप हळूच खाली ठेवले. माझाही अर्धा राहिला. तो पिण्यात काही गैर होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

*

ताईंना ढोंगी म्हणावं, तर तेही नाही. पुढच्याच सभेत टँकरचा ठराव आला, त्यांच्याच बिल्डिंगांसाठी. ताई उठल्या. "पाणी माझ्या घरी येणार, मी मत देणार नाही," म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बसल्या. ठराव एका मताने पडला! पुढचा महिनाभर ताई बादली घेऊन विहिरीवर दिसायच्या.

*

सुनावणी ठाण्याला झाली. मोरेश्वरांनी नानांच्या नावाने ठेवलेलं पाकीट काढून दाखवलं, एकोणीस रुपये आत तसेच. तरी नानांचे वकील सांगत सुटले की रक्कम क्षुल्लक आहे, हार तरी कसले, चार फुलं. मागच्या बाकावर काकू बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

नानांनी कोट ओढून वकिलाला खाली बसवलं. "साहेब, हिने काळोखात उठून ओवलेत ते. क्षुल्लक म्हणू नका."

अधिकारी चक्रावले. म्हणजे रक्कम मोठी धरायची का, असं त्यांनी विचारलं.

"घेतली असती तर मोठीच, साहेब."

मला वाटलं, गेली खुर्ची. पण पैसे घेतलेच नव्हते, म्हणून वाचली. ताई निकाल ऐकून निघून गेल्या.

*

पुढच्या सव्वीस जानेवारीला नाना हात हलवत आले. हारांचं विचारायची कुणाची छाती होईना. फोटो बोडकेच. तेवढ्यात सुशीलाताई आल्या, हातात केळीच्या पानात गुंडाळलेले हार. पहाटे गिरीजला जाऊन काकूंकडून स्वतःच्या पैशाने विकत आणले होते. मोरेश्वर बिल मागायला पुढे झाले, पण ताईंचा चेहरा बघून थांबले.

नानांनी हळूच विचारलं, हिने पैसे घेतले का?

"घेतले ना. मी वीसची नोट दिली, तर एक रुपया परत केला. म्हणाल्या, भाव ठरलेला आहे."