गच्चीवरच्या दोन रिकाम्या जागा

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमचं घर बौद्ध. बावीस प्रतिज्ञा आबांनी आम्हा भावंडांकडून पाढ्यांबरोबरच पाठ करून घेतल्या होत्या. घरात कधी कुणावरून लिंबू उतरवलं नाही की कुणाला अंगारा लावला नाही. शिवाय माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. आकडा जुळत नसेल तर कुठेतरी चूक असतेच, ती सापडेपर्यंत उठायचं नाही, ही माझी सवय. खाली लिहितोय त्यातली चूक मला अजून सापडलेली नाही...

घर सोलापुरात, विजापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला. एकमजली, वर मोकळी गच्ची. आबा गिरणीत होते तेव्हा त्यांनी बांधलेलं. आता इथे मी आणि माझी पत्नी मंगल, दोघंच. मागच्या पावसाळ्यात मागच्या खोलीचं छत गळायला लागलं. एरवी मी उन्हाळ्यापर्यंत थांबलो असतो, पण ती खोली माझ्या बहिणीसाठी लागणार होती. नंदा माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी, बार्शीला बालवाडीत शिकवायची. तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. ऑपरेशन सोलापुरात ठरलं होतं आणि नंतर काही महिने ती आमच्याकडेच राहणार होती. डॉक्टरांनी बजावलं होतं – ओल आणि बुरशी असलेल्या खोलीत पेशंटला ठेवायचं नाही. आणि छतावर तर काळे डाग पसरत चालले होते.

वॉटरप्रूफिंगचं काम जमीरभाईंना दिलं. माणूस बोलका. ते थर्मल कॅमेरा घेऊन आले. म्हणाले, “आधी बघू, मग फोडू. उगं सगळी गच्ची कशाला उकरायची साहेब?”

हे कसं चालतं ते मी नीट विचारून घेतलं. दिवसभर तापलेली गच्ची सूर्य मावळला की निवायला लागते. कोरडा भाग लवकर निवतो. आत पाणी मुरलेलं असेल तर तो भाग उष्णता धरून ठेवतो, म्हणून स्क्रीनवर उजळ दिसतो. डोळ्यांना वरून काहीच कळत नाही.

दिवेलागणीला आम्ही वर गेलो. पाण्याच्या टाकीच्या पाईपपाशी वेडावाकडा, सांडल्यासारखा उजळ डाग दिसला. मागच्या खोलीच्या बरोबर वर. गळती तिथेच होती, त्यात शंका नव्हती. पण जमीरभाईंनी कॅमेरा गच्चीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळवला आणि तिथेच धरून ठेवला.

तिथे तीन पट्टे होते. लांबट, एकमेकांना समांतर. आजूबाजूच्या भागापेक्षा साधारण दोन अंशांनी गरम. मी टेप आणून मोजले. जिन्याच्या दाराकडचा साडेपाच फूट, कठड्याकडचा पाच फूट आणि मधला जेमतेम चार. मधल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच मोकळी जागा, तीही एका पट्ट्याएवढी.

“पाणी असं शिस्तीत बसत न्हाय साहेब,” जमीरभाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही ठिकाणी ड्रिल मारलं. आतून कोरडी भुकटी आली. ओल मोजायच्या मीटरनेही काही दाखवलं नाही. हातोडीने ठोकून पाहिलं, कुठे पोकळ आवाज नाही. टाकीपाशी मात्र ड्रिल ओलं होऊन वर आलं. म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतं.

“माझी खोली कुठवर आली?” असं नंदा रोज फोनवर विचारायची, म्हणून तो फोटो मी तिला व्हॉट्सअॅपवर पाठवला. लगेच तिचा फोन.

“दादा, तुला ह्यात काय दिसतंय?”

“ओल. म्हणजे... ओल नाही. काय ते कळत नाही.”

“आरं, ही आपली अंथरुणं हायत की!”

मी फोटो परत पाहिला.

लहानपणी उन्हाळाभर आम्ही गच्चीवरच झोपायचो. संध्याकाळी बादल्यांनी पाणी ओतून गच्ची निववायची, मग वाकळा अंथरायच्या. जागा ठरलेल्या. जिन्याच्या दाराशी आबा, कठड्याशी आई, मधोमध सगळ्यांत धाकटा सतीश. त्याच्या अलीकडे-पलीकडे नंदा आणि मी. आईशेजारची जागा कुणाची, यावरून आम्हा दोघांचं रोज भांडण. कारण आई झोप लागेपर्यंत विंझण्याने वारा घालायची, आणि तो शेजारच्यालाच जास्त लागायचा. सतीश आठ वर्षांचा असताना काविळीने गेला. पुढे आबा गेले, मग आई.

फोटोतले तीन पट्टे म्हणजे आबा, सतीश आणि आई. मधल्या दोन रिकाम्या जागा आमच्या.

“आपली दोघांचीच हजेरी लागायची ऱ्हायली,” नंदा म्हणाली आणि हसली.

“काहीतरी बोलू नकोस.”

“शाळेत रोज हेच करते की मी. गैरहजर कोण, ते आदी बघायचं.”

मी मंगलला काही बोललो नाही. स्वतःला मात्र समजावलं... जुनं काम आहे, आबांनी टप्प्याटप्प्याने करून घेतलं असेल, सिमेंट वेगवेगळं पडलं असेल. मग हिशेबातली शंका मुळातच काढायची ठरवलं. जमीरभाई नको म्हणत असताना मी त्यांना वरचा सगळा जुना सिमेंटचा कोबा स्लॅबपर्यंत उकरायला लावला. सगळी गच्ची नव्याने केली. टाकीचा पाईपही पलीकडच्या भिंतीवरून घेतला. गळती थांबली, मागची खोली सुकली, रंग दिला. नंदासाठी खिडकीशी कॉट टाकली.

काम नीट झालं का ते पाहायला जमीरभाई पुन्हा कॅमेरा घेऊन आले. टाकीपाशी आता काहीच नव्हतं. मग त्यांनी कॅमेरा वळवला.

चार पट्टे होते.

जमीरभाईंनी काच पुसली. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. “नवं काम हाय साहेब... आपणच केलंय. ह्याच्यात काय असणार?” चौथा पट्टा सतीश आणि आई यांच्या मधे होता. पाच फुटांहून थोडा जास्त. मी वाकून त्यावर तळहात ठेवला. मला कोमट लागलं. दोन अंशांचा फरक तळहाताला कळतो की नाही, मला माहीत नाही.

ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं. नंदाने नवा फोटो मागितला. मी जुनाच पुन्हा पाठवला.

“हा जुना हाय,” तिने फोन केला.

“नवाच आहे.”

“शाळंतल्या बाईला फसवतोस व्हय? टाकीचा पाईप बघ. पलीकडं घेतला म्हणून तूच सांगितलंस की.”

मी फोटो उघडून पाहिला. पाईप जुन्याच जागी होता.

“किती झाल्या, दादा?”

“चार.”

“नवी कुटली? आबांकडची का आईकडची?”

“आईकडची.”

तिच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ती म्हणाली, “बघ, मिळवली की न्हाय मी शेवटी?”

“नंदे, आपण ऑपरेशन जरा पुढे...”

“न्हाय. डॉक्टर तुझ्यासमोरच बोलले की. न करता मी किती दिवस काढणार हाय? आणि वहिनीला ह्यातलं काय सांगू नगं. ती लई रडती.”

ती खरंच बोलत होती. झडप न बदलता फार काळ निघणार नाही, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. एका फोटोसाठी ऑपरेशन रद्द करा, असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार होतो? तेही मी? तारीख तीच राहिली.

ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली. मला काही मिनिटं आत सोडलं. तोंडात नळी असल्याने तिला बोलता येत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हाताचा पंजा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, सावकाश हलवत राहिली. “उकडतंय वाटतं त्यांना,” नर्स म्हणाली. आत इतका गारठा होता की मी शर्टाची वरची बटणं लावून उभा होतो.

त्यानंतर ती फार काळ राहिली नाही.

डॉक्टरांनी कारण सांगितलं. धोका त्यांनी आधीही सांगितला होता. तिच्या मृत्यूबद्दल माझी काहीच शंका नाही, तो हिशेब जुळतो. जुळत नाही ते एवढंच की चौथी जागा आधी भरली होती. ओळखीच्या एका इंजिनिअरला दोन्ही फोटो दाखवले. नव्या कोब्यात माल कमीजास्त पडला असेल, असं तो म्हणाला. मग नेमका त्याच मापात आणि त्याच ठिकाणी कसा पडला, असं विचारल्यावर त्याने मला चहा सांगितला.

मागची खोली आता ठणठणीत कोरडी आहे. तिथे कुणी राहत नाही. उकाडा वाढल्यापासून मंगल गच्चीवर झोपते. तुम्ही खाली पंख्याखाली का घुसमटता, असं मला रोज विचारते. मी पाठ दुखते म्हणून सांगतो.

परवा जमीरभाईंचा फोन आला. पावसाआधी एकदा कॅमेरा फिरवून देतो म्हणाले, कामाची गॅरंटी आहे. गच्ची गळत नाही, काही गरज नाही, असं मी सांगितलं. त्यांनीही आग्रह केला नाही.

वाचकांपैकी कुणाला यातली चूक दिसली तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. फक्त अजून एक फोटो काढून बघा, असं सुचवू नका. आबा आणि सतीश यांच्या मधली जागा मला पाहायची नाही.