मनी म्हंजे घर

आमचं घर नव्यानं बौद्ध झालेलं, पण संतपूरच्या शाळेतल्या पोरींची जुनी खोड काही गेली न्हवती. मी बसले की त्या सरकून बसायच्या. त्यात गाव कन्नड मुलुखात गेलं अन् शाळा कन्नड झाली. त्या पोरींना दोन्ही भाषा यायच्या, आमच्या घरात मराठीशिवाय शब्द न्हाई. दुष्काळात तेरावा महिना! मी ठरवूनच टाकलं होतं, शाळा सोडायची अन् आईसंगं तुरीच्या रानात जायचं.

अशात धारवाडकडनं नव्या बाई आल्या. कन्नड मुलुखात बाईंना अक्कोरू म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढं येऊन विचारलं, ‘निन्न मनी एल्लि?’ तुझं घर कुठं, एवढंच विचारलं होतं त्यांनी. तिकडं घराला मनी म्हणतात. मला बापडीला काय ठावं! मला ऐकू आलं आपलं मराठीतलं मनी. वाटलं, तुझ्या मनात काय हाय ते विचारायल्यात. तोवर जन्मात मला असं कुणी विचारलं न्हवतं. मी भडाभडा सांगून टाकलं, ‘मला शाळा नगं. हितं माझ्यासंगं कुणी बोलत न्हाई. उद्यापासून मी यायची न्हाई.’

वर्ग खदाखदा हसला. अक्कोरू हसल्या न्हाईत. एका पोरीला विचारून त्यांनी माझं बोलणं समजून घेतलं. मग पोरी जिथून सरकल्या होत्या तिथंच, बसायच्या पट्टीवर, त्या स्वतः माझ्याशेजारी येऊन बसल्या.

त्यानंतर शाळा सुटली की त्या मला थांबवून घ्यायच्या. कन्नडात एक गोष्ट सांगायच्या, अडलं तिथं हातवारे. ती मी घरी आईला मराठीत सांगायची, अन् आई काय म्हणाली ते दुसऱ्या दिवशी अक्कोरूंना कन्नडात. आमची आई गप ऐकणारी थोडीच! भाकरी थापता थापता विचारायची, ‘त्या गोष्टीतल्या सासूला कामून कुणी बोलंना गं? सगळ्यांच्या तोंडाला काय कुलूप लागलंय का?’ आता हे कुलूप कन्नडात कसं न्यायचं? एकेका शब्दापायी जीव टांगणीला लागायचा. तो सापडला की वाटायचं, आपल्यासंगं कुणी बसो नाहीतर न बसो. शाळा सोडायचं मी विसरूनच गेले.

वर्षातच त्यांची बदली झाली. औरादच्या बसमध्ये बसल्या अन् गेल्या. पट्टीवर पुन्हा मी एकटी. लई रडले. पण गोष्टी सुटल्या न्हाईत. इकडचं तिकडं करणाऱ्या बाईला लोक नावं ठेवतात. मी जन्मभर तेच केलं, कन्नडातलं मराठीत अन् मराठीतलं कन्नडात. घर झालं, लेकरं झाली, तरी या कामाइतकं माझं दुसरं काही न्हाई, अन् ते मला त्यांनी दिलं.

पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा ते घेऊन मी धारवाडला गेले. विचारत विचारत घर गाठलं. केस पिकले होते, आवाज तोच. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, गोष्टींची आठवण करून दिली. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं अन् न्हाई म्हणून मान हलवली. पोरी काय थोड्या शिकवल्या का त्यांनी! पुस्तक उलटंपालटं करून मांडीवर ठेवलं.

‘संतपूर व्हय,’ त्या कन्नडात म्हणाल्या, ‘नवी नोकरी, लांबचं गाव. ते वर्ष मी आठवतच न्हाई बघ. माझ्यासंगं दोन शब्द बोलणारं तिथं एक माणूस न्हवतं.’

खोटं कशाला सांगू, मला राग आला. असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

‘अवो, मी होते की!’ मी म्हणाले.

पण तोंडातनं निघालं ते मराठीत, अन् त्यांना ते कळलं न्हाई.