दारातली जागा

शिलाई मशीनला तेल घालताना तो वास बोटांना लागला, की मला कोयनानगरचा शिवणवर्ग आठवतो. वीस वर्षं झाली, मी तिथं शिकवायचे. वर्गात शाळा सोडलेल्या मुली होत्या आणि पंचेचाळिशीच्या रबियाभाभीही. भाभी रोज आपली हातमशीन उचलून थेट दारात बसायच्या. येण्याजाण्याची वाट अडते म्हणून मुली कुरकुरायच्या, तर भाभी त्यांच्यावर खेकसायच्या. मांडीवर मात्र एक कापडी पिशवी घट्ट धरलेली.

तशात वर्गातल्या दोन कात्र्या गेल्या. माझा संशय त्या पिशवीवर बसला. शेवटी एक दिवस मी सगळ्यांसमोर म्हणाले, "भाभी, पिशवी दाखवा."

मशिनींचा खडखडाट थांबला. भाभींनी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. टॉर्च, शिट्टी, पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा.

"आवं बाई, भूकंपात घर पडलं तवा मी सात वर्साची हुते. दिसभर भिंतीखाली अडकले. वरडून वरडून आवाज गेला, कुणाला ऐकूच जाईना. तवापास्नं दार सोडून बसवत न्हाई."

मी "बरं" एवढंच म्हणाले. माफी मागितली तर मुली डोक्यावर बसतील, असं वाटलं.

कात्र्या सापडल्याच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून भाभी आल्या की पिशवी आधी माझ्यापुढं उघडून धरत आणि मगच दारात बसत. वर्ग संपेपर्यंत मी एकदाही "राहू द्या" म्हणाले नाही. तेव्हा मला ती शिस्त वाटायची.